हिवाळी मोहीम: शिखर समोर दिसत असताना परत फिरलो, तुमचे अनुभव हवेत

वाट_वळणाची

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतं वाचत आले पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आम्ही पाच जण, तिघं मित्र आणि दोघी मैत्रिणी, अकरा वर्षं एकत्र डोंगर फिरतोय, पण सगळं सामान पाठीवर घेऊन, बर्फात तंबू ठोकत ऐन हिवाळ्यात शिखर चढायला जायची ही पहिलीच वेळ. सहा दिवसांचा बेत होता, सॅक प्रत्येकी सतरा-अठरा किलोच्या, शेवटचा कॅम्प ३,४०० मीटरवर आणि शिखर ४,१०० च्या जरा वर. चार महिने तयारी केली, जिने चढलो, वजन घेऊन चाललो, आईस अ‍ॅक्सने घसरण थांबवायचा सराव केला, सगळं केलं.

शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो तेव्हा तंबूबाहेर उणे १७ होतं. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवलेली, दुपारी बारा, कुठेही असलो तरी. साडेदहाला मुख्य धारेवर पोचलो, आभाळ लख्ख, वारा जवळजवळ पडलेला, शिखर समोर, फार तर सव्वा तासाची वाट. तिथे क्रॅम्पॉनचा (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातांचा) पट्टा नीट करायला म्हणून आमच्यातला एक जण खाली बसला आणि उठेचना. दमला वगैरे नव्हता, बुटाकडे बघत बसला होता नुसता. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, डाव्या पायाची बोटं पहाटे पाचपासून लागत नाहीयेत.

साडेपाच तास! आणि त्या साडेपाच तासांत मी स्वतः त्याला चार वेळा तरी विचारलं होतं, ठीक आहेस ना रे, आणि दर वेळी उत्तर एकच, हो गं, एकदम.

परत फिरलो. पाचही जण. त्यावर आमच्यात थोडी बोलाचाली झाली, ती नंतर सांगते. कॅम्पवर पोचायला दीड वाजला, बूट काढला तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी.

आता तो बरा आहे, बोटं शाबूत आहेत. पण माझ्या डोक्यातून तो साडेपाच तासांचा हिशेब जात नाही. इतक्या वर्षांचा मित्र, आणि तो आमच्यापाशी बोलला नाही. तुमच्या ग्रुपमध्ये हे कसं हाताळता? माणूस बोलता व्हावा म्हणून तुम्ही नेमकं काय करता?

बर्फाळ_धार

पहिलं म्हणजे परत फिरलात ते उत्तम केलंत. दुसरं, एक विचारतो, त्याने मोजे किती घातले होते? माझा अंदाज आहे दोन जाड.

हिवाळ्यात पाय गारठायचं सगळ्यात मोठं कारण मी जे पाहिलंय ते हेच, माणूस घाबरून जास्तीचा मोजा चढवतो, बूट तेवढाच असतो, मग आत पाय आवळला जातो, रक्त पुढे पोचत नाही आणि जिथे रक्त नाही तिथे मोजा दोन घाला की चार, ऊब येणार कुठून? मोजा ऊब तयार करत नाही हो, तो फक्त असलेली धरून ठेवतो. बूट मुळातच अर्धा-एक नंबर मोठा घ्यायचा, आत बोटं मोकळी हलली पाहिजेत, आणि क्रॅम्पॉनचे पट्टे घोट्यावर पक्के पण चवड्यावर करकचून नकोत.

वाट_वळणाची

>>माझा अंदाज आहे दोन जाड

अगदी बरोबर ओळखलंत. पहिल्या दिवशी चढताना त्याचे पाय घामाने भिजले होते, बूट ओले राहिले, ते त्याने तंबूच्या बाहेरच्या भागात ठेवले आणि सकाळी लाकडासारखे कडक झालेले. त्यानंतर रोज पाय गार पडायचे म्हणून शिखराच्या पहाटे दुसरा मोजा चढवला. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. आम्ही बाकीचे बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घेऊन झोपत होतो आणि तो घेत नव्हता हे चार रात्री एकाच्याही लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शुश्रूषा

मी रुग्णालयात काम करते आणि डोंगरातही जाते म्हणून विचारते, पांढरी पडलेली बोटं दाबून बघितली होती का? वरची कातडी कडक पण आत मऊ लागत होतं की सगळंच लाकडासारखं?

वाट_वळणाची

दाबून बघितलं होतं. वर कडक, आत मऊ. चोळलं अजिबात नाही, ते माहीत होतं. शेगडीजवळही नेलं नाही. मी माझं जॅकेट आणि फ्लीस वर केलं आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या पोटावर घेतले, वरून स्लीपिंग बॅग. पहिली दहा मिनिटं बर्फाची लादी ठेवल्यासारखं वाटत होतं. मग पाऊण तासाने त्याला कळ यायला लागली आणि तो रडायला लागला, आणि खरं सांगते, त्याला दुखतंय हे बघून मला इतका आनंद झाला की मीही रडले.

शुश्रूषा

आत मऊ होतं म्हणजे वरवरचा हिमदंश (थंडीने अंगाचा भाग गोठणं), त्यात अंगाची ऊब देणं बरोबरच. चोळलं नाहीत हे फार चांगलं, कारण पेशींमध्ये आणि आजूबाजूला बर्फाचे कण झालेले असतात, चोळलं की आतून इजा वाढते. आगीजवळ न्यायचं नाही कारण त्या भागाला संवेदनाच नसते, भाजलं तरी कळत नाही.

पण पुढे कोणी वाचेल म्हणून लिहून ठेवते. हिमदंश खोल असेल, आत पण कडक लागत असेल, तर पाय कोमट पाण्यात उतरवायचा, ३७ ते ३९ अंश, अर्धा तास किंवा रंग येऊन कातडी मऊ होईपर्यंत, आणि पाणी गार होतं तसं बदलत राहायचं. पण हे फक्त तेव्हाच करायचं जेव्हा तो पाय पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल. एकदा सोडवलेला, म्हणजे ऊब देऊन मऊ केलेला, भाग परत गोठला तर नुकसान कितीतरी जास्त होतं. म्हणजे मदत अजून लांब असेल आणि चालायचं बाकी असेल तर गोठलेल्या पायाने चालत खाली येणं हे सोडवलेल्या पायाने चालण्यापेक्षा बरं. ऐकायला क्रूर वाटतं पण तसंच आहे. आणि खाली आल्यावर बघू उद्या-परवा असं करू नका. गंभीर हिमदंशात रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध पहिल्या २४ तासांत देता आलं तर बोटं वाचायची शक्यता वाढते, आणि इलोप्रोस्ट नावाचं जे औषध आहे त्याला तर फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत खास गंभीर हिमदंशासाठी मान्यता मिळाली. पण ही औषधं रुग्णालयातच मिळतात, तंबूत नाही.

फोड आले का नंतर? त्यात पाणी होतं की रक्त?

वाट_वळणाची

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटांवर आले, स्वच्छ पाण्याचे. फोडले नाहीत. तो दिवस आम्ही तंबूतच काढला, त्याचे बूट आतून वाळवले, आणि तिसऱ्या दिवशी एकच मोजा घालून, त्याचं सगळं सामान आमच्या चौघांत वाटून खाली उतरलो. डॉक्टर पण वरवरचंच म्हणाले.

शुश्रूषा

स्वच्छ पाणी असेल तर सहसा वरच्या थरातलं, रक्ताचे फोड असतील तर खोल. नशीब चांगलं. पण त्याला सांगा, ती बोटं आता थंडीला कायमची हळवी राहणार, पुढच्या वेळी बाकीच्यांच्या आधी तीच गारठतील.

ढगाआड

सगळं वाचलं. मित्राची काळजी घेतलीत ते छानच पण एक विचारतो, राग मानू नका. हवा चांगली, सव्वा तासाची वाट, एक जण त्याला घेऊन खाली गेला असता आणि तिघं शिखरावर गेले असते तर काय बिघडलं असतं? चार महिने तयारी, सुट्ट्या, खर्च. मी तिथे असतो तर मला फार लागलं असतं.

वाट_वळणाची

राग कशाला, हेच आमच्यातला एक जण म्हणाला तिथे धारेवर, आणि ती जी बोलाचाली म्हटलं ती हीच. तो म्हणाला मी आणि तुम्ही दोघी पटकन जाऊन येतो, दोघं सावकाश उतरू देत. मी नाही म्हटलं. त्याला लागलं ते अजून गेलं नाहीये, तीन आठवडे झाले, आमचं धड बोलणं नाही. त्याचंही दुःख मला कळतं हो, त्या शिखराचा फोटो त्याने दोन वर्षं भिंतीवर लावलेला.

पण खाली उतरायचा जो पहिला टप्पा होता तो साधारण पस्तीस अंशांचा कडक बर्फाचा उतार, आणि ज्याला आपला पाय कुठे टेकलाय ते कळत नाही अशा माणसाला तिथून उतरवायचं होतं. दोर एकच होता. आम्ही त्याला दोरावर घेऊन, दोघं वर, दोघं खाली असं करत उतरवलं आणि तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा दोराने धरला. फक्त दोघं असते तर?

बर्फाळ_धार

>>फक्त दोघं असते तर?

तर दोघंही गेले असते, स्पष्टच लिहितो. ग्रुप फोडायचा असेल तर दोन्ही भागांकडे स्वतःचं सगळं पाहिजे, दोर, शेगडी, आडोसा, आणि प्रत्येक भागात एक तरी असा माणूस जो दुसऱ्याला एकट्याने सांभाळू शकेल. सहा-आठ जण असतील तर कधी कधी जमतं. पाचात नाही. आणि हिवाळ्यात दिवस एवढासा, जखमी माणसाचा वेग निम्म्याहून कमी होतो, दोन वाजता सोपी वाटणारी गोष्ट पाचला अंधारात पूर्ण वेगळी असते.

परत फिरायची वेळ मोडली की काय होतं ते १९९६ साली एव्हरेस्टवर सगळ्या जगाने बघितलं. दुपारी दोनला परत फिरायचं म्हणून बोललं गेलेलं, बरेच जण त्यानंतरही वर जात राहिले, वरून वादळ आलं आणि १० आणि ११ मे या दोन दिवसांत आठ जण गेले. ते तर मे महिन्यात, आणि पुढारी नावाजलेले होते.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं ते के२ चं. आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी हिवाळ्यात न चढलेलं ते शेवटचं राहिलं होतं. १६ जानेवारी २०२१ ला दहा नेपाळी गिर्यारोहकांनी ते चढलं, आणि शिखराच्या थोडं खाली थांबून, मागचे येईपर्यंत वाट बघून, मग दहाही जण एकत्र वर गेले. त्या उंचीवर, त्या थंडीत थांबून राहायचं म्हणजे काय ते ज्यांनी उणे पंधरामध्ये नुसती दहा मिनिटं उभं राहून बघितलंय त्यांना कळेल.

ढगाआड

दोराचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो. पण त्या मित्राशी बोला, त्याला फोन करा.

तंबूतला_दिवा

मूळ प्रश्नावर येतो, माणूस बोलता कसा करायचा.

"ठीक आहेस ना" हा प्रश्न आमच्या ग्रुपने बंदच केलाय. त्याला उत्तर "हो" हेच येतं, कारण नाही म्हणायला माणसाला सगळ्यांना थांबवावं लागतं. त्याऐवजी आम्ही दर थांब्याला प्रत्येकाला नेमकं विचारतो, डाव्या पायाची करंगळी लागते का, उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवून दाखव, शेवटचं पाणी कधी प्यायलास, शेवटची लघवी कधी झाली. याला उत्तर देताना माणसाला खरंच तपासून बघावं लागतं. आणि सुरुवात जो सगळ्यात अनुभवी असेल त्याने स्वतःपासून करायची, माझी उजवी करंगळी थोडी गार आहे, दोन मिनिटं थांबून पाय झुलवतो, असं तो पहिला बोलला की बाकीच्यांना बोलायला संकोच राहत नाही. पाय झुलवायचा म्हणजे गुडघा सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा जोरात मागेपुढे, पन्नास-साठ वेळा, त्याने रक्त बोटांपर्यंत ढकललं जातं, बधिरपणा सुरुवातीचा असेल तर संवेदना परत येते.

आणखी एक, अंग फार गार पडलं की डोकं मंदावतं. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्यात माणूस चिडचिड करतो किंवा गप्प गप्प होतो, अडखळतो, साधी चेन लावता येत नाही. त्याचं त्याला कळतच नाही. अशा वेळी त्याच्या "मी बरा आहे" वर विश्वास ठेवायचाच नसतो, त्याच्या हातांकडे बघायचं. शब्द अडखळणं, हात चाचपडणं, पाय लडखडणं, तिन्हीपैकी एक दिसलं की थांबायचं. आणि कापरं भरलेला माणूस अचानक कापायचा थांबला आणि ऊब काही मिळालेली नाही, तर ते बरं होण्याचं लक्षण नसतं, उलट फार वाईट.

पहिलं_पाऊल

मी या हिवाळ्यात पहिल्यांदा जाणार आहे, मैत्रिणींबरोबर, धागा वाचून पोटात गोळा आलाय पण जायचंच आहे. स्लीपिंग बॅगवर उणे १० लिहिलंय, तिथे रात्री उणे १० च होणार म्हणतात, म्हणजे पुरेल ना? आणि घाम नको म्हणता तर चढताना घाम येणारच की, त्याचं काय करायचं?

तंबूतला_दिवा

बॅगवर आकडे तीन असतात, नीट बघ. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. मोठ्या अक्षरात छापलेला बहुतेक वेळा लिमिट असतो, त्याचा अर्थ प्रमाण धरलेला पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र काढू शकेल एवढाच. कम्फर्टचा आकडा बायकांसाठी धरलेला असतो, तू तो बघ, आणि रात्रीच्या अपेक्षित तापमानापेक्षा पाच अंश तरी खालचा घे. एक्स्ट्रीमवर तर जाऊच नकोस, तो मरणार नाही एवढ्यापुरता, त्यातही हिमदंश होऊ शकतो.

पण बॅगेपेक्षा खालच्या मॅटकडे लक्ष दे. अंगाखाली बॅग दबते, तिथे तिची ऊब जवळजवळ शून्य. बर्फावर दोन मॅट घ्यायच्या, खाली फोमची, वर हवेची, दोघींचे आर आकडे (मॅट खालची थंडी किती अडवते त्याचं माप) एकमेकांत मिळवले जातात, बेरीज पाच-सहाच्या पुढे गेली पाहिजे. हवेची फुटली तरी फोमची राहते.

घामाचं असं की निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. तंबूतून उबदार निघालीस तर पंधरा मिनिटांत भिजशील. डाऊन (पिसांचं) जॅकेट चालताना सॅकमध्ये, थांबलं की लगेच अंगावर, गारठायची वाट न बघता. चढ लागायच्या आधीच थांबून एक थर काढायचा, सगळे थांबतात म्हणून लाजू नकोस. आणि सुती काही घालू नकोस, आतले कपडेसुद्धा नाही.

बर्फाळ_धार

@पहिलं_पाऊल, पाणी आणि शेगडी यात हिवाळ्यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते पण वाच. साध्या गॅसच्या डब्यात ब्युटेन असतो, तो उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायूच होत नाही, डबा भरलेला हातात आणि शेगडी पेटत नाही. आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून हिवाळी मिश्रणाचा डबा घ्यायचा, रात्री बॅगेत घेऊन झोपायचं, आणि पेटवताना थोड्या पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, पाणी गोठलेलं नाही म्हणजे ते डब्यापेक्षा उबदारच असतं. बर्फ वितळवताना तळाशी घोटभर पाणी आधी घालायचं नाहीतर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. ताज्या भुसभुशीत बर्फातून दहाव्या हिश्श्याएवढंच पाणी निघतं, त्यामुळे इंधन उन्हाळ्याच्या हिशेबाने नेलंत तर तिसऱ्या दिवशी संपेल. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो, म्हणजे बुचाशी पाणी मोकळं राहतं. पाणी गाळायचा पोकळ धाग्यांचा फिल्टर असेल तर तो अंगाशी ठेव, एकदा आतून गोठला की आतली छिद्रं फाटतात, वरून काही कळत नाही आणि तो निकामी होतो.

आणि काहीही झालं तरी बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही. वारा असो, वादळ असो. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं दुखतं, झोप येते, आणि माणसं झोपेतच जातात.

बर्फ पडून गेल्यावर पहिले दोन दिवस तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांपासून लांब राहा, बहुतेक हिमस्खलनं याच उतारांवर सुटतात. बीकन (गाडलेल्या माणसाची जागा दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकीकडे हवं, एकीकडे असून उपयोग नाही, कारण जी गाडली गेली तिला बाकीच्यांनीच काढायचं असतं. दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जण वाचतात, पुढे आकडा झपाट्याने खाली येतो. बाहेरून मदत येईपर्यंत ती दहा मिनिटं केव्हाच गेलेली असतात.

जुना_सोबती

मी तोच, ज्याच्या बोटांवर हा धागा आहे. तिने लिंक पाठवली, दोन दिवस नुसतं वाचत होतो.

साडेपाच तास का गप्प बसलो, तर सांगतो. पाचला पहिल्यांदा वाटलं की बोटं लागत नाहीयेत, तेव्हा म्हटलं चालत राहिलो की येतील. सहाला वाटलं ऊन आलं की येतील. सातला ऊन आलं, बोटं आली नाहीत, पण तोवर दोन तास गप्प राहिलो होतो आणि आता सांगितलं तर सगळे विचारणार आधी का नाही बोललास. मग दर तासाला ते सांगणं आणखी जड होत गेलं. आठनंतर तर दुखणंच थांबलं आणि मी स्वतःला पटवलं की आता बरं आहे. भीती बोटांची नव्हतीच, तुमच्या चौघांच्या चेहऱ्यांची होती, की माझ्यामुळे राहिलं असं कायमचं होईल.

तंबूत तिने पाय पोटावर घेतले तेव्हा जो रडलो ते कळ आली म्हणून पण होतं, आणि सव्वा तासावर शिखर असताना कोणीही मला एका शब्दाने बोललं नाही म्हणून पण. ज्याला शिखर पाहिजे होतं तो सुद्धा नाही, तोच तर पुढे राहून माझ्या प्रत्येक पावलासाठी बर्फात खाचा पाडत होता उतरताना. काल मी त्याच्याकडे गेलो होतो. तीन तास बसलो. वाट_वळणाची, तुला तो आज-उद्या फोन करेल, तू आधी करू नकोस, त्याला करू दे.

तंबूतला_दिवा, ते करंगळीचं विचारायचं आम्ही घेतो. पाचला मला कोणी तसं विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं.

वाट_वळणाची

आला फोन. आत्ताच ठेवला. बाकी नंतर लिहीन, आज नाही.

पहिलं_पाऊल

वाचून डोळे भरून आले. एकच विचारते, एका जाड मोज्याच्या आत पातळ लायनर चालतो का?

बर्फाळ_धार

चालतो. दोन्ही घालून, बूट पूर्ण बांधून, घरात अर्धा तास उभी राहा आणि बोटं हलवून बघ. हलत नसतील तर लायनर काढ नाहीतर बूट बदल.